शुभवर्तमान वाचून झाल्यावर

वसई तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. वय पंचेचाळिशीच्या आसपास, नोकरी अंधेरीला, घरी पत्नी आणि दोन शाळकरी मुले. ते लिहितात: "गेली काही वर्षे मी रोज सकाळी त्या दिवसाचे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाविषयीचा बायबलमधला नेमलेला उतारा, मोबाइलवर वाचतो, त्यावरचे चिंतन वाचतो आणि ते आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवतो. पाळी असेल त्या रविवारी चर्चमध्ये वाचनही करतो. तरी माझ्यात फरक पडलेला मला दिसत नाही. वडिलोपार्जित वाडीच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी बोलणे बंद आहे आणि तो चर्चमध्ये पलीकडच्या बाजूच्या बाकांवर बसतो. पत्नीचे म्हणणे असे की, मी बायबल हातात घेतले की घरात सगळ्यांनी गप्प बसायचे आणि कोणी बोलले की मी खेकसायचे, मग वाचायचे तरी कशाला? वाडीच्या कागदांवर सही करावी की नाही हे ठरेना, म्हणून एकदा डोळे मिटून बायबल उघडले, तर लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातला भावाकडून वतनाची वाटणी मागणारा माणूसच समोर आला. याचा अर्थ काय घ्यावा? शिवाय पूर्वी वाचताना मन भरून यायचे, आता तेही होत नाही. मी वाचणे थांबवावे का? आणि वाचनासाठी वेदीजवळ उभे राहण्याचा मला अधिकार उरला आहे का?"

प्रिय बंधू,

वाचणे थांबवू नका. तुमचे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले आणि माझी खात्री झाली की, तुमच्या मनाला लागलेली ही टोचणी त्या वाचनातूनच आलेली आहे. ज्याच्यावर वचनाचा काहीच परिणाम होत नाही, त्याला पलीकडच्या बाकावर बसलेला भाऊ दिसतही नाही. मात्र वाचनाचा परिणाम तुम्ही ज्या मापाने मोजता आहात, ते माप बदलावे लागेल. वाचताना मन भरून आले की नाही, हे तुम्ही पाहता. वाचून उठल्यावर तुम्ही घरातल्या माणसांशी कसे बोलता, हे तुमच्या पत्नी पाहतात. मला विचाराल तर त्यांचे माप शुभवर्तमानाच्या अधिक जवळचे आहे.

मत्तयच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू येशूने सांगितलेला निष्ठुर चाकराचा दाखला तुम्ही अनेकदा ऐकला असेल. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी तो वाचला जातो आणि मोठ्या सणांच्या काळांबाहेरच्या सामान्यकाळाच्या एकोणिसाव्या आठवड्यात, म्हणजे साधारण ऑगस्टमध्ये, पुन्हा येतो. आपण तो ऐकतो, चाकराला मनातल्या मनात नावे ठेवतो आणि पुढे जातो. एकदा तो सावकाश वाचून पाहा. राजा त्या चाकराला जे देणे माफ करतो, ते दहा हजार तालान्त आहे. एक तालान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे शेतमजुराची एका दिवसाची मजुरी, हे लक्षात घेतले तर ते देणे सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. कोणत्याही माणसाने कितीही जन्म राबून ते फिटणार नाही. तोच चाकर ज्याला माफ करत नाही, त्या सोबतीच्या चाकराचे देणे शंभर दिनारांचे आहे, आणि इथे आपण घाई करतो. ही रक्कम क्षुल्लक नाही. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळाची कमाई असते, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला ती सहज सोडता येत नाही. भावाने तुमचे काही घेतले असेल, तर ते खरोखरच घेतले आहे. ते मोठे नाहीच असे हा दाखला कुठेही म्हणत नाही. माझ्या मते हा दाखला खरा ठरतो तो याचमुळे, कारण तो तुमच्या तक्रारीला खोटे न ठरवता तुमच्यापुढे उभा राहतो.

आता आणखी दोन जागा पाहा. पहिली अशी की, दोन्ही कर्जदार जवळजवळ त्याच शब्दांत विनवणी करतात: मला थोडे सांभाळून घ्या, मी फेडीन. काही वेळापूर्वी स्वतःच्या तोंडून निघालेले वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आले, तेव्हा त्या चाकराला ते ओळखूच आले नाही. दुसरी जागा म्हणजे हे घडते ते ठिकाण. तो चाकर राजाच्या दरबारातून बाहेर पडतो, त्याला सोबती भेटतो आणि तो त्याचा गळा धरतो. मधे महिने गेलेले नाहीत. दरबारात त्याच्यावर झालेली दया खरी होती, त्याचे गुडघे टेकणेही खोटे नव्हते. पण दरवाजा ओलांडताच त्यातले काही त्याच्याबरोबर बाहेर आले नाही. तुमच्या पत्रातला प्रश्न मला याच दरवाजाशी येऊन थांबलेला दिसतो. वाचन आत होते आहे, ते बाहेर येत नाही. याकोबच्या पत्रात पहिल्याच अध्यायात वचन नुसते ऐकणाऱ्याला आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या आणि आपण कसे दिसतो हे लगेच विसरणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे, तीही याच दुखण्यासाठी.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, वाचनाचा मजकूर कमी करा आणि त्याच्या सोबतीचा वेळ वाढवा. सकाळी डबे भरण्याच्या, गणवेश शोधण्याच्या आणि पाण्याच्या मोटरकडे लक्ष ठेवण्याच्या घाईत तुम्ही बायबल उघडता, आणि त्या अर्ध्या तासात घर जणू चर्च झाले पाहिजे अशी तुमची अपेक्षा असते. ती पूर्ण होणार नाही आणि व्हायलाही नको. दुसऱ्या दिवसाचे शुभवर्तमान आदल्या रात्री, कुटुंबाची जपमाळ झाल्यावर वाचत जा. रविवारची उपासना शनिवारच्या संध्याकाळीच सुरू होते हे आपण जाणतोच. त्याच रीतीने रोजच्या दिवसाची सुरुवात रात्री करावी. मजकूर एकदा सरळ वाचा, थोडे थांबा, पुन्हा वाचा आणि जे वाक्य, जो प्रसंग किंवा जो माणूस मनात अडकेल, तेवढेच धरून ठेवा. सकाळी विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभे राहिलेल्या माणसाला मोबाइलवर अख्खा अध्याय वाचणे कठीण जाते, पण रात्री मनात अडकलेले एक वाक्य वसईपासून अंधेरीपर्यंत सहज सोबत येते. त्याला पुस्तकही लागत नाही आणि शांतताही लागत नाही. मारियामातेबद्दल लूकने दुसऱ्या अध्यायात दोनदा नोंदवले आहे की, तिने या साऱ्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या. पहिल्यांदा हे येते ते गोठ्यातल्या धावपळीत मेंढपाळ येऊन गेल्यावर, आणि दुसऱ्यांदा तीन दिवस हरवलेला मुलगा सापडल्यावर. दोन्ही प्रसंग निवांतपणाचे नाहीत.

त्या एका वाक्याला दिवसाच्या सुरुवातीलाच एखादा पत्ता द्या. आज हे वाक्य कोणापाशी घेऊन जायचे आहे, हे ठरवा. कार्यालयात वारंवार चुका करणारा नवा सहकारी असेल, फोनला उत्तर द्यायचे टाळलेली एखादी विधवा काकी असेल, गृहपाठ दाखवायला आलेली मुलगी असेल. पत्ता जितका नेमका, तितके वचन बाहेर येणे सोपे होते. "मी आज सर्वांवर प्रीती करीन" हा निश्चय चर्चगेटपर्यंतही टिकत नाही; "संध्याकाळी मुलगी वही घेऊन आली की मोबाइल बाजूला ठेवीन" हा टिकतो, आणि मोडला तर कुठे मोडला तेही कळते.

ग्रुपवर चिंतन पाठवण्याबद्दल थोडेच सांगते. ते लिहिणारे धर्मगुरू आणि धर्मभगिनी मनापासून लिहितात आणि त्याचा अनेकांना आधार असतो. परंतु दुसऱ्याचे चिंतन आधी वाचले की आपले राहून जाते, आणि ते पुढे पाठवले की आपण काहीतरी केले असे उगाच समाधान मिळते. आधी मूळ मजकूर, मग स्वतःचे वाक्य, आणि शेवटी हवे तर त्या दिवसाचे चिंतन, असा क्रम ठेवा. पाठवायचे की नाही, हे संध्याकाळी ठरवा.

आता डोळे मिटून बायबल उघडण्याविषयी. संत अगस्तीन यांचे उदाहरण देऊन अनेकजण हे समर्थनीय ठरवतात. ३८६ साली मिलानमधल्या बागेत त्यांनी पौलाची पत्रे उघडली आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील ओळी त्यांच्या नजरेस पडल्या, हे खरे आहे. मात्र त्या ओळींनी त्यांना कोणत्या कागदावर सही करावी हे सांगितले नाही. जे सोडायला हवे हे त्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होते, ते सोडायला सांगितले. कौल लावल्याप्रमाणे बायबल उघडण्यात धोका असा की, आपल्याला सोयीचे निघाले तर आपण ते देवाचे उत्तर मानतो आणि गैरसोयीचे निघाले तर पुन्हा उघडतो.

याउलट ख्रिस्तसभेने नेमून दिलेल्या क्रमाने वाचले की निवड आपल्या हातात राहत नाही, आणि हाच त्या क्रमाचा मोठा उपकार आहे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्व श्रद्धावंतांसाठी पवित्र शास्त्राचे दालन उघडावे असे ठरवले आणि १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयीच्या दस्तऐवजात पवित्र शास्त्राच्या वारंवार वाचनाचा प्रापंचिकांनाही आग्रह केला. त्यानंतर १९६९च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांपासून, वाचनांची नवी मांडणी लागू झाली. रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात आणि त्यांत अनुक्रमे मत्तय, मार्क आणि लूक येतात. सामान्यकाळात आठवड्याच्या इतर दिवसांचे शुभवर्तमान दरवर्षी तेच असते: नवव्या आठवड्यापर्यंत मार्क, दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत मत्तय आणि पुढे चौतिसाव्यापर्यंत लूक, पहिले वाचन मात्र सम आणि विषम वर्षांत बदलते. त्यामुळे आपण टाळू इच्छितो तो उतारा ठरलेल्या दिवशी दारात येऊन उभा राहतोच, आणि पुढच्या वर्षी आपण बदललेले असतो तेव्हा पुन्हा येतो. त्याच दिवशी मुंबईतला, मंगळुरूमधला, आखातात नोकरी करणारा तुमचा नातेवाईक आणि तुमचा धाकटा भाऊदेखील हेच शुभवर्तमान ऐकत असतो. या शेवटच्या गोष्टीवर थोडा वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते.

आणि तुमच्यापुढे आलेला लूकच्या बाराव्या अध्यायातला उतारा? तो तुम्ही उघडला नसता तरी सामान्यकाळाच्या एकोणतिसाव्या आठवड्याच्या सोमवारी, ऑक्टोबरच्या सुमारास, तुमच्यापुढे येणारच होता. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो की, माझ्या भावाला सांगा, त्याने माझ्याबरोबर वतन वाटून घ्यावे. येशू त्याला विचारतो की, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले? वाटणी कशी करावी हे ठरवायला प्रभू स्वतः नकार देतो. मग ज्या वचनात त्याने ते काम नाकारले, त्याच वचनातून तुम्ही सहीचा निर्णय काढू पाहता आहात, हे ध्यानात घ्या. सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत, वडिलांनी मृत्युपत्र केले होते का, बहिणींचा हिस्सा धरला आहे का, बिल्डरने दिलेल्या करारातली कलमे काय सांगतात, हे प्रश्न जाणत्या वकिलाला आणि दोन्ही भावांना मान्य असलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा. त्यात श्रद्धा उणी पडत नाही. भावाला क्षमा करणे म्हणजे डोळे झाकून सही करणे नव्हे, आणि सही न करणे म्हणजे वैर धरणेही नव्हे. या दोन्हींची गल्लत तुमच्या पत्रात झालेली दिसते आणि त्यामुळे तुमच्यावरचा भार दुप्पट झाला आहे.

पण येशू तिथेच थांबत नाही. वाटणीला नकार देऊन तो लगेच सर्वांना लोभापासून जपायला सांगतो, आणि जुनी कोठारे मोडून मोठी बांधणाऱ्या धनवानाचा दाखला देतो. त्या धनवानाचे बोलणे नीट पाहा. तो फक्त स्वतःशीच बोलतो: माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्याच्या सबंध विचारात दुसरा माणूस येतच नाही. वकिलाकडे जाण्याआधी हा उतारा वाचून स्वतःला एवढे विचारा की, वाडीचा विचार करताना माझ्या मनातल्या बोलण्यात भाऊ येतो तो कोण म्हणून येतो? तो त्याच विहिरीवर माझ्याबरोबर पोहायला शिकलेला भाऊ आहे की नुसता समोरचा पक्ष? हा प्रश्न कोणताही वकील तुम्हाला विचारणार नाही, आणि वचनाचे काम नेमके इथे सुरू होते.

मन भरून येत नाही, या तक्रारीने मात्र घाबरून जाऊ नका. आविलाच्या संत तेरेसा यांना १९७० साली पोप सहावे पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या धर्मपंडित म्हणून गौरवले. त्यांनीच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे की, अठरा वर्षे पुस्तक हाताशी असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे धाडस त्यांना होत नसे, आणि कित्येकदा प्रार्थनेचा तास केव्हा संपतो इकडेच त्यांचे लक्ष लागलेले असे. संत इग्नेशियस लोयोला यांचा अनुभव तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळ जातो. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडल्यावर ते घरी पडून होते. कधी ते शौर्याची आणि दरबारी मानमरातबाची स्वप्ने रंगवत, तर कधी हाती आलेल्या ख्रिस्तचरित्रात आणि संतचरित्रांत रमत. रंगवताना दोन्ही गोष्टी गोड वाटत. फरक नंतर पडे. दरबारी स्वप्ने ओसरली की मन कोरडे आणि असमाधानी होई, आणि संतांचा विचार संपल्यावरही आनंद टिकून राही. पुढे त्यांनी जी आध्यात्मिक पारख शिकवली, तिचे मूळ या निरीक्षणात आहे. तेव्हा वाचताना काय वाटले याची नोंद ठेवू नका. दुपारी आणि रात्री काय उरले ते पाहा. मन भरून येणे ही देवाची देणगी आहे; तो देईल तेव्हा ती घ्यावी आणि देणार नाही तेव्हा मागे लागू नये.

त्यासाठी रात्रीची पाच-सात मिनिटे पुरतील. इग्नेशियस यांनी शिकवलेली दिवसाची तपासणी हीच होय. आधी मिळालेल्याबद्दल आभार माना, मग प्रकाश मागा, मग सकाळपासूनचा दिवस उलगडा आणि तुमचे वाक्य कुठे कामी आले व कुठे दाराशीच राहिले ते पाहा. चुकले असेल तिथे क्षमा मागा आणि लगेच उद्याचे शुभवर्तमान वाचायला घ्या. स्वतःला झोडपत बसू नका. रोज तीच जागा पुन्हा मोडलेली दिसली, तर ती पापनिवेदनात धर्मगुरूंपुढे ठेवा. "मी रागावतो" असे मोघम न सांगता कोणावर, कशावरून आणि किती काळ, ते सांगा.

घरच्यांविषयी एवढेच सांगेन की, पत्नीने केलेली तक्रार हा त्या दिवसाच्या चिंतनाचाच भाग माना आणि तसे त्यांना बोलूनही दाखवा. मुलांना वचने ऐकवून शिस्त लावू नका. त्यांना ते वचन पुढे कित्येक वर्षे बोचत राहते. शनिवारी रात्री रविवारचे शुभवर्तमान मुलांपैकी एकाला मोठ्याने वाचू द्या आणि ज्याला जे आठवेल ते त्याने सांगावे. त्यावर तुम्ही प्रवचन करायचे नाही. जपमाळेत ज्या प्रसंगांचे मनन करतो त्यांना रहस्ये म्हणतात; त्यांत मारियामातेने एलिझाबेथची घेतलेल्या भेटीचे रहस्य आले की लूकच्या पहिल्या अध्यायातील तो प्रसंग आधी वाचता येईल. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जोडलेली प्रकाशाची रहस्ये तर जवळजवळ सगळी येशूच्या सार्वजनिक जीवनातली आहेत, त्यामुळे मुलांना गोष्ट सापडते.

घरात घ्यायची बायबलची प्रत त्र्याहत्तर पुस्तकांची आहे ना, हे पाहून घ्या. बाजारात सहज मिळणाऱ्या मराठी प्रतींत बहुधा सहासष्ट पुस्तके असतात, आणि मग विषम वर्षी तोबित, बेनसिरा किंवा मक्काबी यांतले पहिले वाचन आले की ते सापडत नाही. तुमच्या धर्मग्रामात विचारलेत तर योग्य प्रत मिळेल.

राहिला वाचनाचा अधिकार. वेदीजवळ उभे राहून आपण स्वतःची योग्यता वाचून दाखवत नाही, देवाचे वचन वाचतो, म्हणून केवळ तुम्हाला खंत वाटते एवढ्यावर ती सेवा सोडू नका. परंतु प्रमुख धर्मगुरूंना खरी परिस्थिती सांगा आणि ते म्हणतील तसे करा. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशूने सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. तिथे अपराध कोणाचा, याची चौकशी नाही. ज्याला आठवले, त्याने निघायचे आहे. तुम्हाला आठवले आहे. तेव्हा तुमची पुढची पाळी येण्याआधी भावाकडे एकदा जा, आणि त्या भेटीत वाडीचा, बिल्डरचा किंवा वकिलाचा विषय काढू नका. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आईवडिलांच्या थडग्यावर दोघांनी मिळून जाऊ या का आणि त्या दिवशी त्यांच्या स्मरणार्थ मिस्साची (चर्चमधल्या उपासनेची) देणगी एकत्र देऊ या का, एवढेच विचारा. तो नाही म्हणाला, तर वाद न घालता परत या आणि पुढच्या महिन्यात दुसरे काही निमित्त काढून पुन्हा जा. वाटणीची बोलणी वकिलामार्फत वेगळी चालू राहू द्या.